दुर्मिळ आडनावाचा माग कसा काढायचा? ठाणे-नवी मुंबईकरांसाठी कामाचा क्रम

आडनाव दुर्मिळ असलं की शोधाची सुरुवात बहुतेक जण अर्थापासून करतात. शब्दकोश उघडायचा, जवळचा शब्द पकडायचा, त्यावरून पूर्वजांचा धंदा किंवा पराक्रम ठरवायचा आणि मग गाव शोधायला निघायचं. या क्रमाने गेलं की पहिल्याच आठवड्यात एक गोष्ट डोक्यात पक्की बसते आणि पुढचा प्रत्येक कागद त्या गोष्टीला जुळवून वाचला जातो. अर्थ हे शेवटचं काम आहे. आधी माणसं, मग कागद, मग गाव, मग आजची संख्या.

ठाणे आणि नवी मुंबईत दोन प्रकारची घरं भेटतात. एक, नोकरीसाठी कोकण-देशावरून आलेली. दुसरी, इथलीच, नवी मुंबई वसवणाऱ्या सिडको महामंडळाकडे जमीन गेलेली. दोघांचा शोध जवळजवळ सारखा चालतो, पण कागद वेगळ्या ठिकाणी सापडतात. ते पुढे येईलच.

१. प्रश्न वेगळे करा

"आमचं आडनाव कुठून आलं?" या एका वाक्यात तीन प्रश्न आहेत. हा शब्द कुठला? आपल्या घराण्याने तो कधीपासून लावला? आज तो लावणारे किती आणि कुठे? तिन्हींची उत्तरं वेगवेगळ्या कागदांत असतात. एकाचं उत्तर दुसऱ्याला चिकटवलं की घोळ सुरू होतो.

दिवेकर हे आडनाव घ्या. १७९६ मध्ये मुंबईतलं पहिलं सिनेगॉग (ज्यूंचं प्रार्थनास्थळ) उभं करणारे सॅम्युएल इझिकेल दिवेकर बेने इस्राएल, म्हणजे कोकणातल्या ज्यू समाजातले. हिंदू घरांतही दिवेकर आहेत. शब्द एकच, वंश वेगळे. रायगडातल्या गावांत राहिलेल्या बेने इस्राएल कुटुंबांनी पेणकर, रोहेकर, किहीमकर अशी गावावरून आडनावं लावली. टेंभी नाक्याजवळचं त्यांचं शार हाशमायिम सिनेगॉग १८७९ चं आहे, त्यामुळे ठाणेकरांना हे नवीन नाही. केणी इथल्या आगरी समाजात आहेत, तसे गोवा-कारवारकडच्या सारस्वतांतही आहेत. म्हणून आडनाव जुळलं म्हणजे भाऊबंद सापडला, असं धरू नका. आणि आडनावावरून जातही ठरवू नका.

तपासणी: एका पानावर तिन्ही प्रश्न लिहा. प्रत्येकाखाली आज जे माहीत आहे ते, आणि ते कोणी सांगितलं हेही लिहा. "सगळे म्हणतात" हे नाव तिथे चालणार नाही.

२. घरातली माहिती गोळा करा, पण नेमके प्रश्न विचारून

"आपलं मूळ गाव कोणतं?" असं विचारलं तर ठरलेलं उत्तर येतं, आणि ते बहुधा आजोबांच्या काळातलं असतं. त्याऐवजी हे विचारा:

आपलं सुतक कुठल्या गावातली कोणती घरं धरतात? हा सगळ्यात कामाचा प्रश्न. सुतक-सोयर धरणारी घरं म्हणजे भावकी, आणि भावकी आडनाव बदललं तरी टिकते. एकाच भावकीत दोन आडनावं निघाली तर अर्धा शोध तिथेच लागला म्हणायचा.

लग्नाची पहिली पत्रिका कुठल्या देवाला ठेवतात? शिमग्याला पालखी आपल्या दारात यायची का, कोणाच्या घरानंतर? देवक काय? जुनी माणसं आधी दुसरं काही लावायची का?

इथे कुलदैवत आणि ग्रामदैवत यांत गल्लत होते. जेजुरीचा खंडोबा, तुळजाभवानी किंवा कार्ल्याची एकवीरा ही असंख्य घराण्यांची दैवतं आहेत; त्यांवरून गाव ठरत नाही. ग्रामदैवत मात्र एका गावापुरतं असतं आणि त्याच्या जत्रेतला मानपान घराघराला वाटून दिलेला असतो. त्यामुळे गावदेवीचं नाव आणि आपल्याकडे असलेला मान, दोन्ही विचारून घ्या.

आणखी एक. आत्यांना आधी विचारा. लग्न होऊन गेलेल्या मुलींना माहेरची नाती, नावं आणि भांडणं जास्त नीट आठवतात, असा माझा तरी अनुभव आहे. भांडणं महत्त्वाची, कारण वाटणीचे कागद भांडणातूनच तयार होतात.

सावधान: बोलणं रेकॉर्ड करताना मध्ये दुरुस्ती करू नका. "नाही हो, ते तर सातारा जिल्ह्यात" असं तुम्ही म्हणालात की पुढची माणसं तेच सांगू लागतात.

घरातले कागद याच टप्प्यावर बाहेर काढा: शाळेचे दाखले, जुनी रेशनकार्डं, गिरणीचे किंवा बंदरातले नोकरीचे कागद, लग्नपत्रिका, पोथीच्या पहिल्या पानावरच्या नोंदी. नवी मुंबईतल्या गावठाणांत राहत असाल तर साडेबारा टक्क्यांच्या (घेतलेल्या जमिनीच्या बदल्यात सिडकोने दिलेल्या) भूखंडाची फाइल शोधा. तिच्यात वारस दाखला, प्रतिज्ञापत्रं आणि बऱ्याचदा अख्खी वंशावळ असते. लोक ही फाइल जमिनीची म्हणून कपाटात ठेवतात आणि घराण्याची माहिती बाहेर शोधत फिरतात.

३. आडनावाची सगळी रूपं लिहून काढा

ही पायरी कंटाळवाणी वाटते म्हणून गाळली जाते. मग पुढे सहा महिने "काहीच सापडत नाही" अशी तक्रार.

इंग्रजी स्पेलिंगने दोन वेगळी आडनावं एक होतात. घणसोली-ऐरोली पट्ट्यातलं मढवी इंग्रजीत असं लिहिलं जातं की ते माधवी या मुलीच्या नावाशी एकरूप होतं. तरे आणि तारे यांचंही तेच. उलट एकाच घरातल्या दोन भावांची स्पेलिंगं वेगळी असतात, कारण दोघांना शाळेत घालणारे मास्तर वेगळे. म्हणून आडनाव देवनागरीत लिहा आणि प्रत्येक अक्षराला पर्याय मांडा: ण आणि न, ळ आणि ल, व आणि ओ, अनुस्वार असलेलं आणि नसलेलं. ह्रस्व-दीर्घावर भिस्त ठेवू नका. जुन्या कागदांच्या मोडी लिपीत तो भेद पाळलेला नसतो.

जुन्या महसुली कागदांत आडनाव नसण्याचीही तयारी ठेवा. "धोंडू बिन राघो" एवढंच असेल. बिन किंवा वलद म्हणजे अमक्याचा मुलगा, कोम म्हणजे अमक्याची बायको. नावापुढे अपाक दिसलं तर ते "अज्ञान पालनकर्ता", आणि एकुम म्हणजे "एकत्र कुटुंबाचा मॅनेजर". एकुम हे आपलं जुनं आडनाव असावं असं समजून त्याचा अर्थ शोधणारे लोक आहेत.

४. कागद मागे मागे न्या

नियम एकच: माहीत असलेल्या माणसापासून मागे जायचं, एका वेळी एक पिढी. शिवकाळातल्या एखाद्या पत्रात आपलं आडनाव दिसलं म्हणून तिथून खाली आपल्यापर्यंत येण्याचा प्रयत्न करू नका. मधल्या आठ-दहा पिढ्या कागदाने भरून निघत नाहीत, कल्पनेने भरल्या जातात.

आधी शाळा. आजोबा-पणजोबा ज्या प्राथमिक शाळेत गेले तिथलं जनरल रजिस्टर, म्हणजे दाखल-खारीज नोंदवही. पूर्ण नाव, जन्मगाव, जात आणि आधीची शाळा एका ओळीत मिळते. मुख्याध्यापकांकडे लेखी अर्ज द्या आणि अंदाजे वर्षं सांगा. "जुनं सगळं दाखवा" म्हणाल तर कोणी कपाट उघडणार नाही.

मग जन्म-मृत्यू नोंद. गावात ही नोंद पूर्वी कोतवाल ठेवायचा. तिला कोतवाल बुक किंवा गाव नमुना नंबर १४ म्हणतात. मृत्यूची नोंद विसरू नका. जन्माच्या नोंदीत पुष्कळदा बाळाचं नावच नसतं, मृत्यूच्या नोंदीत मात्र माणूस नावानिशी असतो.

ठाणे-नवी मुंबईत इथे एक ठरलेली चूक होते. नवी मुंबई महापालिकेचा कारभार १ जानेवारी १९९२ पासूनचा. त्याआधी घणसोली, तुर्भे, करावे ही गावं होती. १९५५ च्या नोंदीसाठी थेट महापालिकेच्या खिडकीवर रांग लावण्याआधी गावचं कोतवाल बुक ठाणे तहसील कार्यालयाच्या अभिलेख कक्षात आहे का ते विचारा. ठाणे शहराची नगरपालिका १८६३ ची, महापालिका १९८२ ची; पण आज शहरात मोडणारी माजिवडे, बाळकूम, कळवा ही तेव्हा गावंच होती.

सावधान: कागदावरचा जिल्हा आजचा समजू नका. पालघर जिल्हा १ ऑगस्ट २०१४ ला झाला. त्याआधीच्या दाखल्यावर "जिल्हा ठाणे" असेल तर ते गाव वसई, डहाणू किंवा जव्हारकडचंही असू शकतं. सिंधुदुर्ग १९८१ मध्ये रत्नागिरीतून वेगळा निघाला आणि त्याच वर्षी कुलाब्याचं रायगड झालं. आणखी मागे गेलात तर संस्थानं लागतात. कुडाळ भाग १९४८ पर्यंत सावंतवाडी संस्थानात होता, म्हणजे तिथले त्याआधीचे कागद इंग्रजी मुलखातल्या कागदांसारखे लावलेले नसणार.

तिसरी जमीन, आणि सगळ्यात लांब नेणारी तीच. आजचा सातबारा घ्या, त्यावरचे फेरफार (जमिनीच्या हक्कातल्या बदलाची नोंद) क्रमांक उतरवा, प्रत्येक फेरफार काढा. वारसाचा फेरफार म्हणजे कोण मेलं आणि मागे कोण राहिलं याची सरकारी नोंद. तिथून मागे जुने सातबारे, पाहणीपत्रकं आणि क. ड. ई. पत्रक ही जुनी महसुली नोंदपत्रकं. ठाणे जिल्ह्याचे बरेच जुने महसुली कागद "आपले अभिलेख" या सरकारी संकेतस्थळावर स्कॅन करून ठेवलेले आहेत. गाव आणि नोंदीचा प्रकार निवडून आधी घरबसल्या पाहून घ्या. तिथे नाही मिळालं तर तहसील आणि भूमी अभिलेख कार्यालयात नकलेचा अर्ज.

नवी मुंबईतल्या मूळ गावकऱ्यांनी आजच्या सातबाऱ्यावर वेळ घालवू नये. ठाणे, पनवेल आणि उरण तालुक्यांतल्या ९५ गावांच्या जमिनी प्रकल्पाखाली आल्या, त्यामुळे पुष्कळ ठिकाणी कब्जेदार म्हणून सिडकोच दिसेल. त्यांच्यासाठी कामाचा कागद म्हणजे भूसंपादनाचा निवाडा. त्यात सर्व्हे नंबर आणि तेव्हाच्या खातेदारांची नावं असतात. तो सर्व्हे नंबर घेऊन मागच्या फेरफारांकडे जा. गावठाणातल्या घरासाठी मिळकत पत्रिका वेगळी मागा.

मोडी आली की अडायला होतं. पैसे देऊन लिप्यंतर करून घेण्याआधी पानाचा फोटो मोडी येणाऱ्या दोघांना स्वतंत्रपणे दाखवा आणि आडनाव काय वाचलं ते विचारा. तुम्ही आधी आडनाव सांगितलंत तर त्यांनाही तेच दिसेल. जुन्या कागदांवरच्या सनाचं इसवी सन काढायचा ढोबळ हिशेब: शकात ७८, फसली सनात ५९० आणि सुहूर सनात ५९९ मिळवा, वर्षाच्या काही भागात उत्तर एकाने पुढे जातं.

दोन आडवाटाही आहेत. नाशिक-त्र्यंबकेश्वरच्या तीर्थोपाध्यायांच्या वह्यांत यात्रेला आलेल्या घराण्यांच्या नोंदी असतात; जाताना गावाचं नाव आणि दोन-तीन पिढ्यांची नावं तयार ठेवा, नुसत्या आडनावावर वही निघत नाही. कोल्हापूर-सांगली-सोलापूरकडून आलेल्यांनी गावात हेळवी येतो का ते विचारावं. घराण्यांच्या वंशावळी सांभाळणं हा त्यांचा पिढीजात व्यवसाय. ख्रिस्ती कुटुंबांना चर्चमधली बाप्तिस्म्याची रजिस्टरं या सगळ्याहून लवकर उत्तर देतात.

तपासणी: कागदावरचा माणूस आपलाच, हे म्हणण्याआधी आडनाव सोडून आणखी दोन गोष्टी जुळल्या पाहिजेत. बापाचं नाव आणि सर्व्हे नंबर, किंवा भावाचं नाव आणि वाडी. एकच जुळत असेल तर पेन्सिलीने लिहा.

५. गाव ठरवा, घाई न करता

सगळ्यात जास्त लोक इथे चुकतात, विशेषतः "कर"वाले.

गावावरून पडलेलं आडनाव बहुधा गाव सोडल्यावर लागतं. बेलापुरात सगळेच बेलापूरचे. तिथे एकाला बेलापूरकर म्हणून ओळख काय पटणार? दुसऱ्या गावात, पेठेत, गिरणीत किंवा पलटणीत गेल्यावर लोक तसं म्हणू लागतात. म्हणून संशयित गावाच्या मतदारयादीत आपलं आडनाव नाही, एवढ्यावरून ते गाव बाद करू नका. तिथे आपल्या भावकीचं जुनं आडनाव, आपलं देवक, आपला मान शोधा. उलट ज्या गावात ते आडनाव भरपूर आहे, ते स्थलांतरानंतरचं दुसरं गाव असण्याचीच शक्यता जास्त.

दुसरी चूक म्हणजे जवळचं गाव पकडणं. बेलापूर म्हटलं की आपल्याला सीबीडी आठवतं, पण अहिल्यानगर जिल्ह्यात श्रीरामपूर तालुक्यात प्रवरेकाठी दुसरं बेलापूर आहे, आणि बेलापूरकर तिथले असू शकतात. वाशी इथे आहे तशी धाराशिव जिल्ह्यातही आहे. तिथे तर ते तालुक्याचं ठिकाण. नेरूरकर हे नेरूळचे नव्हेत. नेरूर कुडाळ तालुक्यात आहे. इथल्या स्टेशनांच्या नावांनी अशी बरीच घरं भलत्या गावाला नेऊन बसवली आहेत.

म्हणून जनगणनेच्या गावांच्या यादीतून त्या नावाची सगळी गावं काढा, बुद्रुक आणि खुर्द धरून. यादीत न मिळाल्यास गाव नाहीच असं समजू नका. वाड्या-पाडे महसुली गावात धरलेले असतात, त्यांचं नाव यादीत येत नाही. त्यासाठी भारतीय सर्वेक्षण विभागाचे १:५०,००० चे नकाशे पाहा. शिवाय काही गावं पाण्याखाली गेली. कोयनेच्या धरणात जावळी-पाटणकडची गावं गेली आणि तिथल्या लोकांचं पुनर्वसन ठाणे-रायगडातही झालं. अशा घरांच्या बाबतीत आजचा नकाशा मुका असतो, जुना गॅझेटियर (इंग्रजी अमलातला जिल्हावार माहितीग्रंथ) बोलतो. ठाणे जिल्ह्याचे मुंबई इलाख्याच्या गॅझेटियरचे खंड १८८२ चे, रत्नागिरी-सावंतवाडीचा १८८० चा, कुलाब्याचा १८८३ चा. संदर्भग्रंथ आणि छापील कुलवृत्तांत पाहायला ठाण्याचं मराठी ग्रंथसंग्रहालय जवळ आहे; १८९३ पासूनची संस्था आहे, पण तिथेही आपल्या रूपांची यादी घेऊनच जा.

तपासणी: उमेदवार गावं तीनपेक्षा जास्त उरली असतील तर गावोगाव फिरायला निघू नका. पायरी २ कडे परत या आणि ग्रामदैवताचं नाव पुन्हा विचारा.

६. आजची संख्या आणि पसारा

जनगणनेत आडनाववार तक्ते प्रसिद्ध होत नाहीत आणि घरोघरी भरलेले अर्ज लोकांना पाहायला मिळत नाहीत. तेव्हा "भारतात या आडनावाचे इतके लोक" असा आकडा एखाद्या संकेतस्थळावर दिसला तर तो अंदाज असतो, तोही इंग्रजी स्पेलिंगवर बेतलेला. मढवी आणि माधवी त्यात एकाच रकान्यात बसतात.

हाताशी असलेलं साधन म्हणजे मतदारयादी. मुख्य निवडणूक अधिकाऱ्यांच्या संकेतस्थळावर विधानसभा मतदारसंघ आणि यादी भाग निवडून पीडीएफ मिळते. ठाणे शहराच्या पट्ट्यात १४६ ओवळा-माजिवडा, १४७ कोपरी-पाचपाखाडी, १४८ ठाणे, १४९ मुंब्रा-कळवा आणि नवी मुंबईत १५० ऐरोली, १५१ बेलापूर. यादी घरक्रमांकानुसार असते, वर्णक्रमानुसार नाही, आणि पीडीएफमध्ये मराठी शब्द टाकून शोध बहुधा लागत नाही. डोळ्यांनीच वाचावी लागते. म्हणून सगळा मतदारसंघ अंगावर घेऊ नका. उमेदवार गावांचे यादी भाग पूर्ण वाचा, शहरातले मोजके.

मोजताना डोकी मोजू नका, घरं मोजा. यादीत १८ वर्षांखालचे नाहीत, लग्न होऊन आलेल्या सुना बहुधा आहेत, लग्न होऊन गेलेल्या मुली नाहीत. नुसती बेरीज कशाचंच मोजमाप होत नाही. चाकरमान्यांची नावं गावच्या यादीत आणि इथल्याही यादीत असण्याची खोड जुनी आहे. वडिलांचं नाव आणि वय जुळवून दुहेरी नोंदी काढून टाका.

आणि आकड्याची तुलना नेहमी प्रमाणात करा. समजा ऐरोलीच्या काही भागांत मिळून १०,००० मतदारांत २० जण सापडले आणि गावच्या ८०० मतदारांत १२. आकडा ऐरोलीचा मोठा, पण प्रमाण हजारी २ विरुद्ध हजारी १५. मुळाकडे बोट दाखवतं ते प्रमाण, तेही पायरी ५ मधली "कर"ची अडचण लक्षात ठेवून.

७. आता अर्थ

इथपर्यंत आलात तर आता शब्दकोश उघडा. जुन्या शब्दांसाठी मोल्सवर्थच्या मराठी-इंग्रजी कोशाची १८५७ ची दुसरी आवृत्ती उपयोगी पडते; आज मेलेले धंद्यांचे, मापांचे, झाडांचे शब्द त्यात आहेत. पण तुमच्या गावाच्या बोलीत तो शब्द काय अर्थाने चालतो ते गावातच विचारा. आगरी, मालवणी आणि वऱ्हाडीत एकच शब्द तीन वाटांनी जातो.

हुद्द्याची आडनावं लवकर उलगडतात: पोतदार, चौगुले, खोत, मुकादम. त्यातही हुद्दा एकाच्या हातात होता आणि आडनाव सगळ्या भावकीने लावलं, असं घडतं. खोत आणि मुकादम हिंदूंत आहेत तसे कोकणी मुसलमानांतही. टोपणनावावरून पडलेल्या आडनावाचा अर्थ लाजिरवाणा निघाला तर तोच खरा असण्याची शक्यता जास्त, असं माझं मत आहे. गौरवाचा अर्थ मागाहून चिकटवायला माणसं तयार असतात. चिडवण्याचा अर्थ कोणी हौसेने रचत नाही.

८. लिहून ठेवताना

प्रत्येक विधानापुढे तीनपैकी एक खूण करा: कागद पाहिला, कोणी सांगितलं, आपला तर्क. कागद असेल तर कार्यालय, रजिस्टरचं वर्ष आणि पान लिहा. नुसता मोबाइलमधला फोटो दोन वर्षांनी कुठला ते कळत नाही.

घराण्याचा शोध आणि जात पडताळणी या दोन फाइली वेगळ्या ठेवा. पडताळणीला ठरावीक तारखांच्या आधीचे पुरावे लागतात: अनुसूचित जातींसाठी १० ऑगस्ट १९५०, अनुसूचित जमातींसाठी ६ सप्टेंबर १९५०, विमुक्त जाती-भटक्या जमातींसाठी २१ नोव्हेंबर १९६१, इतर मागासवर्गासाठी १३ ऑक्टोबर १९६७. तिथे तुमचा आडनावाचा तर्क कितीही चांगला असो, उपयोगाचा नाही. नक्कल प्रमाणित हवी.

भावकीच्या व्हॉट्सॲप गटावर मतदारयादीची पानं, जन्मतारखा, सातबारे टाकू नका. हयात माणसांची नावं वगळून वंशावळ पाठवा आणि चुका कळवायला सांगा. पहिली चूक बहुतेक कोणाची तरी आत्याच काढते.